वृत्तचिती, पोकळ, वरून उघडी

"वृत्तचिती," बाबा म्हणाले.

तांबोळी मॅडमनी हातातला स्टीलचा पेला थोडा पुढे केला. "सर, हे काय आहे? नाव सांगा."

"वृत्तचिती. पोकळ." बाबांनी पेल्याच्या काठावरून बोट फिरवलं. "वरचं पृष्ठ नाही."

मॅडमनी कागदावर फुली मारली. पेला कापडी पिशवीत गेला आणि पिशवीतून साबणाची वडी बाहेर आली.

"इष्टिकाचिती. कडा झिजल्यात."

फुली. मग रबरी चेंडू.

"गोल," बाबा म्हणाले, आणि आपल्याला अजून काही सांगता येतं याचं त्यांना बरं वाटलं असावं. "एकच पृष्ठ. वक्र. कड नाही, शिरोबिंदू नाही."

कंगवा आला तेव्हा मात्र ते थांबले. त्यांनी तो उलटा करून पाहिला, दातांवरून नख फिरवलं आणि काही न बोलता टेबलावर ठेवला. किल्लीचंही तेच झालं.

सोलापूरच्या एका हॉस्पिटलातली ती छोटी खोली होती. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ निशिकांत भिंतीला लागून बसलो होतो. बाबांना झटका आला त्याला महिना होत आला होता. उजवा हात परत आला होता, आधारानं चालणं आलं होतं, बोलणंही आलं होतं. पण त्या बोलण्यात जागोजागी भोकं होती. किती पडली आहेत ते बघायला तांबोळी मॅडम बसल्या होत्या. त्या वाचा परत आणायचं काम करत. वयानं लहान, बोलायला शांत.

"मॅडम, एक मिनिट," मी म्हणाले. "ह्यात एक घोटाळा आहे."

"काय?"

"बाबा बार्शीच्या शाळेत भूमिती शिकवायचे. त्यांच्याकडे अशीच एक पिशवी असायची. घरातल्या वस्तू भरून न्यायचे. मुलानं डोळे मिटून आत हात घालायचा आणि पृष्ठं किती, कडा किती, शिरोबिंदू किती ते सांगायचं. वस्तूचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की नापास. तुमची पिशवी बघून त्यांना वाटत असेल की..."

"परीक्षा चालू आहे?"

"हो."

आई सरळ होऊन बसली. निशिकांत म्हणाला, "ताई, खरंच असेल का गं तसं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "असेलही. मग नियम तुम्हीच बदलून बघा."

मी बाबांच्या समोर जाऊन बसले. "बाबा, आज उलटं आहे. आज नाव सांगायचं. आकार सांगेल तो नापास."

ते हसले. ते हसणं मला अजून स्पष्ट आठवतं, कारण गंमत त्यांना पूर्ण कळली होती. त्यांनी पेला दोन्ही हातांत घेतला. ओठ हलले. "ह्याला... हे आपण... ह्यानं पितात." मग थांबले. कपाळावर घाम आला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि तसं बघू नये हे कोणालाच सुचलं नाही. शेवटी अगदी हळू, माफी मागितल्यासारखं ते म्हणाले, "वृत्तचिती."

मी परत भिंतीपाशी येऊन बसले.

मॅडमनी सांगितलं त्यात लपवाछपवी नव्हती. वस्तूंची नावं गेली आहेत. माणसांचीही गेली असतील. करण्या-सवरण्याचे शब्द शाबूत दिसतात. भूमिती का राहिली ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. "आयुष्यभर रोज बोललेले शब्द आहेत, कुठंतरी वेगळे राहिले असतील. मी असं आधी पाहिलेलं नाही."

"परत येतील का?" आईनं विचारलं.

"काही येतील, काकू. काही नाही येणार. घरातल्यांची नावं रोज विचारत जा. तुमचं नाव घेतात का ते?"

"कधीच नाही."

"आजारपणानंतर?"

"लग्नानंतर," आई म्हणाली. "ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलं होतं, विनया म्हणून. त्यांनीच ठेवलेलं नाव. तेवढंच. पुढं सगळं 'अगं' वर चाललं. आता विसरलेत की नाही ते तुम्हाला कसं कळायचं? आणि मला तरी?"

मॅडम हसल्या. आई हसली नाही.

निशिकांतनं पुण्यात एक केंद्र पाहून ठेवलं होतं. तिथं अशा रुग्णांना काही महिने ठेवून घेत. रोज सराव, रोज तपासणी. घरच्यांनी रविवारी भेटायचं.

"मला राहता येईल का तिथं?" आईनं विचारलं.

"फक्त रुग्णालाच ठेवतात, आई."

"मग तिथं त्यांना वृत्तचिती कोण आणून देणार?"

"आई, ते शिकलेले लोक आहेत."

"शिकलेल्यांनाच तर आत्ता फुल्या मारताना बघितलं." मग तिला तांबोळी मॅडम समोर असल्याचं भान आलं. "तुम्हाला नाही हो म्हणत."

"मलाच म्हणालात," मॅडम म्हणाल्या. "असू दे."

त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी दर महिन्याला बार्शीला शिबिराला येते. पुढच्या वेळी घरी येऊन बघते. सरांना जे लागतं ते त्यांना घरात मागता आलं आणि मिळालं, तर सध्या घरीच राहू द्या. पण मागता येत नसेल तर माणूस हळूहळू मागायचंच सोडतो, काकू. मग बोलणंही सोडतो. तसं दिसलं तर मी पुण्याला पाठवा असंच सांगेन."

आईनं मान हलवली. परतीच्या वाटेवर गाडीत ती एकच वाक्य बोलली. "तिकडं गेले तर गप्प होतील ते."

मी तेव्हा लातूरला कॉलेजात मराठी शिकवत होते. रजा टाकून बार्शीला राहिले. मला वाटत होतं, शब्दांचं काम आहे तर ते माझं आहे. मी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या: कपाट, खिडकी, आरसा, घड्याळ. बाबा त्या खणखणीत वाचत. चिठ्ठी काढली की शब्दही तिच्याबरोबर निघून जायचा. मी पुन्हा चिकटवायचे, पुन्हा काढायचे.

"पेला, बाबा. म्हणा. पेला."

"पेला."

"आता हे काय?"

ते माझ्याकडे बघत राहायचे. एकदा त्यांनी तो पेला माझ्या हातातून काढून घेऊन खाटेखाली ठेवून दिला.

"किती छळशील," आई म्हणाली. "आयुष्यभर त्यांनी पोरांना छळलं, ते सगळं तू एकटीच फेडून घेणार आहेस का?"

एका सकाळी बाबांनी खाटेवरून हाक मारली. "अगं. वृत्तचिती."

आईनं पाणी नेलं. नको. पावडरचा डबा नेला, टॉर्च नेला. नको. घरात इतक्या वृत्तचिती असतील असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. औषधाची बाटली, उदबत्तीचा पुडा, गॅसचं सिलिंडर. मी लाटणं उचललं.

"लाटणं कशाला हवं असेल त्यांना?"

"काय माहीत. मला मारायचं असेल," आई म्हणाली, आणि स्वतः पोळपाट घेऊन गेली.

बाबांनी पोळपाटाकडे नीट पाहिलं. "उंची फार कमी," ते म्हणाले, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

हवा होता तो पेपर. पेपरवाला सुरळी करून, रबर लावून दारात टाकून जायचा. बाबांना खाटेवरून तो दिसत होता, आमची मात्र त्याच्याकडे पाठ होती.

"म्हणजे पेपर वृत्तचिती होय," आई म्हणाली. "आणि उलगडल्यावर?"

"आयत," बाबा लगेच म्हणाले.

दुपारी आई स्वयंपाकघरात बटाटे घेऊन बसली होती. "अरू, मला हे शिकव."

"काय?"

"हेच. कड कशाला म्हणतात, पृष्ठ कशाला म्हणतात. त्यांना इकडं येता येत नाही, तर मी तिकडं जाते."

मी बटाटा उचलला, ठेवला. शिकवायचं कसं ते मला सुचेना. तिनं सुरी घेतली आणि बटाट्याची एक बाजू सपाट कापली. "हे पृष्ठ?"

"हो."

तिनं बाजू बदलून आणखी एक काप घेतला. "आणि दोन काप भेटले, ती कड."

"बरोबर."

तिसरा काप घेतल्यावर तिनं अंगठ्यानं कोपरा चाचपला. "हे टोक."

"शिरोबिंदू."

"तेच ते. टोक."

तिनं सगळ्या बाजू कापून बटाट्याचा घन केला. मग दुसऱ्याची इष्टिकाचिती. गाजराचं टोक तोडून शंकू केला आणि उरलेल्या गाजराची वृत्तचिती मला दाखवली. शंकूला कड असते का यावर आमचा वाद झाला. मी नाही म्हणत होते. तिनं गाजराचा तो तुकडा माझ्या तळहातावर बुडाशी दाबला. गोल वळ उठला. "मग हे काय आहे?" मी तो तुकडा घेऊन बाबांकडे गेले. ते म्हणाले, "एक कड." आई आतून म्हणाली, "ऐकलंस?"

रात्री भाजीत सगळे चौकोनी बटाटे होते. बाबांनी एक चमच्यावर घेऊन सगळीकडून पाहिला. "घन," ते म्हणाले, आणि जरा विचार करून, "जवळजवळ."

आईच्याच लक्षात आलं की त्यांना वस्तू सांगता येत नसली तरी तिचं काय करतात ते सांगता येतं. मग तिनं तसंच विचारायला सुरुवात केली. इष्टिकाचिती म्हटलं की लगेच उठायचं नाही, आधी विचारायचं: "तिचं काय करतात?" वाजते म्हणाले की रेडिओ, अंगाला लावतात म्हणाले की साबण. वृत्तचिती, पोकळ, वरून उघडी, पितात: पेला. त्यात पाणी की चहा हे उरायचं. ते ती वेळ बघून ठरवायची.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "शंकू." तिनं नरसाळं नेलं. ते वैतागले. "खातात. रस्त्यानं... चालत."

आई परत आली आणि काम करू लागली. बाबा पूर्वी रोज संध्याकाळी स्टँडपर्यंत फिरायला जात आणि येताना कागदाच्या पुडीतून खारे दाणे खात येत, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"आई, कळलं ना तुला?"

"कळलं की. पण मीठ बंद आहे. कळलं म्हणजे दिलंच पाहिजे असं थोडंच आहे?" मग बाहेर ओरडून म्हणाली, "अहो, शंकू संपले!"

असं सगळं गमतीनंच चालत होतं असं नाही. एकदा ते दुपारभर काहीतरी मागत राहिले. शंभर प्रश्न विचारूनही आम्हाला ते कळलं नाही. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि रात्री जेवायलाही उठले नाहीत. काय मागत होते ते आम्हाला पुढंही कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळपासून काहीच मागितलं नाही. आई दर थोड्या वेळानं दारात येऊन उभी राहायची. दुपारी त्यांनी "अगं" म्हटलं तेव्हा तिच्या हातातली कणीक तशीच राहिली आणि ती पिठाच्या हातांनी धावली.

निशिकांतचा रोज फोन यायचा. त्याला मी खोटं सांगितलं नाही. आईचे पाय सुजत होते. खाट, स्वयंपाकघर, कपाट, पुन्हा खाट, असं तिचं दिवसभर चालायचं. मी उठले तर बाबा मला "तू नाही" म्हणायचे, आणि ते तिला आवडायचं.

"मग मी काय वेगळं सांगतोय?" निशिकांत म्हणाला. "बाबांसाठी म्हणतोय असं वाटतं का तुला? ती पडली तर दोघंही जातील. सांग, मी चूक आहे का?"

तो चूक नव्हता.

मॅडम घरी आल्या त्या दिवशीचं मला जे आठवतं ते माझ्या बाजूनं. आईच्या बाजूनं तो दिवस कसा होता ते मी तिला विचारलं नाही. बाबा गेल्यानंतर कधीतरी विचारता आलं असतं. या थंडीत तीही गेली.

तांबोळी मॅडम सकाळीच आल्या. निशिकांत आदल्या रात्री गाडी घेऊन आला होता. बाबांचे कपडे भरलेली बॅग त्यानं आईच्या देखत गाडीत ठेवली होती. तिनं फक्त त्यातला स्वेटर काढून परत कपाटात ठेवला होता.

मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. "मी इथं नाही असं समजा."

"चहा घ्याल ना?"

"नसलेली माणसं चहा घेत नाहीत, काकू."

"आमच्याकडं घेतात," आई म्हणाली.

मला आणि निशिकांतला त्यांनी मधे पडू नका म्हणून सांगितलं होतं. आम्ही सतरंजीवर बसलो. बाबांनी थोडा वेळ मॅडमच्या मांडीवरच्या कागदांकडे पाहिलं. मग म्हणाले, "अगं. दोन वर्तुळं."

"काय करतात?"

"बघतात."

आईनं चष्मा दिला. मॅडमनी काहीतरी लिहिलं. नंतर रेडिओ झाला. नाश्ता झाल्यावर ते म्हणाले, "वृत्तचिती. लहान. दोन्हीकडं अर्धगोल."

निशिकांतनं माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं नव्हतं. आईनं टेबलावरच्या डबीतून कॅप्सूल काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मॅडम ती बघायला खुर्चीवरून थोड्या पुढे झुकल्या. वृत्तचिती, आणि दोन्हीकडं अर्धगोल. मी गोळ्यांच्या डब्या रोज भरत होते आणि तो आकार मी कधी पाहिला नव्हता.

आई पाणी घेऊन आली, कप घेऊन गेली, दार लावून आली, बाबांच्या पायांवर चादर टाकली, मॅडमसाठी पोहे आणले. बाबा तिच्याकडे बघत होते.

"अगं."

"काय हवं?"

ते नुसते बघत राहिले.

"वृत्तचिती?"

"नाही."

"इष्टिकाचिती? वाजते? पितात? पुसतात?"

"नाही."

तिनं उशी आणली. नको. काठी आणली, रुमाल आणला, पेपर आणला, पुन्हा पाणी आणलं. प्रत्येक वेळी ते मान हलवत, आणि ती स्वयंपाकघरात शिरली की दाराकडे बघत बसत. मॅडमचं पेन थांबलं होतं. मला त्या दुपारची आठवण झाली, भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या बाबांची, आणि मी निशिकांतकडे बघायचं टाळलं.

"मॅडम, हे असंच असतं," तो शेवटी म्हणाला. आवाज चढवून नाही. "ती दिवसभर अशीच पळते. आता तुम्हीच बघा."

"तू गप," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. तिनं एक हात कमरेवर ठेवला आणि दुसऱ्यानं खाटेची पट्टी धरली. "अहो, असं करू नका आज. किती पृष्ठं आहेत तेवढं तरी सांगा."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"पृष्ठ नाही."

"कड?"

"नाही."

"टोक?"

"नाही."

"पृष्ठ नाही, कड नाही, टोक नाही." तिचा आवाज फुटायला आला होता. "अहो, मग ती वस्तू तरी आहे का?"

"नाही!" बाबा म्हणाले. फळ्याजवळचा पोरगा अडखळत अडखळत उत्तरापाशी पोचला की त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता. "वस्तू नाही."

त्यांनी चादर बाजूला केली, पाय आवरून घेतले आणि खाटेवर झालेल्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवला.

"बस."

आई त्या जागेकडे बघत राहिली. पाहुण्यांसमोर ती कधी त्यांच्या शेजारी बसली नव्हती. कुणी आलं की ती दाराशी उभी राहायची किंवा आत असायची.

"अहो, माणसं आहेत," ती हळूच म्हणाली.

"बस. दमलीस."

ती बसली. अगदी कडेला, अर्धी, लगेच उठता येईल अशी. बाबांनी तिच्या मनगटाला धरून तिला थोडं आत ओढलं. मग रेडिओचा आवाज कमी केला.

तांबोळी मॅडमनी कागद फाइलमध्ये सरकवले. तिथं त्यांनी शेवटी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. उठताना त्या निशिकांतला म्हणाल्या, "पुण्याला मीच कळवते, सध्या नको म्हणून. पण वरकामाला एक बाई ठेवा. आजच्या आज बघा."

"बघतो," निशिकांत म्हणाला.

त्यानं मॅडमना फाटकापर्यंत सोडलं. परत आला तेव्हा त्याच्या हातात ती बॅग होती. तो आतल्या खोलीत गेला आणि एकेक सदरा काढून कपाटात ठेवू लागला. मी पोह्यांच्या बशा उचलल्या. आई उठायला लागली तशी मी तिला हातानंच राहू दे म्हणून सांगितलं.

बसल्यावर हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. तिनं पदर नीट केला, चादरीची सुरकुती काढली, मग हात मांडीत ठेवले. बाबा बाहेर बघत होते. त्यानंतर बराच वेळ त्यांनी काही मागितलं नाही.